साबूच्या गावचा ग्रह : सिंहस्थाचं नियोजन करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाचं नियोजन पाहणारे सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी,
तसेच नाशिकच्या महापालिका शाळांचे मुख्याध्यापक

विषय : शाळेतल्या मुलांना गुरू ग्रह दाखवण्याबाबत, आणि त्यासाठी साबूला बोलावण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर सिंहस्थ कुंभमेळ्याचा ध्वज चढेल. घाट, पूल, रस्ते, साधुग्राम, गाड्या कुठे अडवायच्या आणि माणसं कुठून वळवायची, हे सगळं मी रोज पेपरात वाचतो. २००३ च्या ऑगस्टमध्ये इथे चेंगराचेंगरीत काय झालं ते नाशिककर विसरलेले नाहीत, त्यामुळे गर्दीची काळजी आधी हे मला पूर्ण मान्य आहे. त्यातला एक रुपया किंवा एक माणूस काढून मला द्या असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या नावाने हा सगळा मेळा भरतो, तो गुरू कसा दिसतो हे आपल्या मुलांना कोणी दाखवणार आहे का, एवढंच विचारायला हे पत्र लिहितो आहे.

मला तो साबूने दाखवला.

साबू म्हणजे चाचा चौधरींचा साबू. प्राण यांनी १९७१ च्या सुमारास 'लोटपोट' या हिंदी मासिकात चाचा चौधरी काढायला सुरुवात केली. पांढऱ्या मिशा, लाल पगडी, कॉम्प्युटरपेक्षा जलद चालणारं डोकं. त्यांच्यासोबत चाची, राकेट नावाचा कुत्रा, डगडग नावाचा ट्रक आणि साबू. साबू पंधरा फूट उंच, कानात बाळ्या, दंडावर कडी, पहिलवानासारखा उघडा. आणि तो गुरूवरून आलेला. पृथ्वीवर आला, चाचीच्या हातचं खाल्लं आणि इथेच राहिला. एका साध्या मोहल्ल्यातल्या, चोर-लफंग्यांच्या गोष्टींमध्ये परग्रहावरचा एक माणूस घरचाच होऊन वावरतो, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांची अंतराळाशी पहिली ओळख अशी झाली. आमच्या घरी तरी अशीच झाली.

१९९१ चा सिंहस्थ. मी नऊ वर्षांचा. पंचवटीत काळारामाच्या मागच्या गल्लीत आमचा वाडा होता आणि तो त्या श्रावणात पाहुण्यांनी इतका भरला होता की आम्ही मुलं माळ्यावर झोपायचो. इंदूरची आत्या आली होती. तिच्या मुलाने, आमच्या दादाने, येताना पाच-सहा हिंदी कॉमिक्स आणली होती आणि जाताना ती माळ्यावरच राहिली. तोवर मला हिंदी वाचता यायचं नाही. त्या कॉमिक्सवरच मी ते शिकलो.

घरात उठता-बसता एकच वाक्य ऐकू यायचं : गुरू सिंहेत आलाय. आणि हातातल्या पुस्तकात साबू होता, जो गुरूवरून आला होता. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकांना जाऊन भिडल्या. मी आजोबांकडे गेलो. आजोबा भिक्षुकी करत नसत, पण वाड्यातल्या प्रत्येकाचं पंचांग तेच बघायचे.

"आजोबा, गुरू सिंहेत गेला म्हणजे कुठे गेला?"

"सिंह राशीत गेला."

"ती कुठे असते?"

"आकाशात."

"मग मला दाखवा ना."

आजोबांनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "आत्ता नाही दिसायचा. अस्त आहे गुरूचा. उदय झाला की बघू."

ते मला टाळत नव्हते. खरंच अस्त होता. ही गोष्ट मला पुढे कित्येक वर्षांनी नीट कळली आणि तुम्हाला ती मुद्दाम सांगतो, कारण माझी सगळी विनंती तिच्यावर उभी आहे. गुरू सिंहेत असताना सूर्यही सिंहेत येतो, साधारण श्रावण-भाद्रपदात, तेव्हा नाशकात मोठी स्नानं असतात. म्हणजे त्या दिवसांत गुरू आणि सूर्य आकाशात एकाच बाजूला असतात. सूर्याच्या उजेडात गुरू लपून जातो, वर पावसाळी ढग. लाखो माणसं गुरूच्या हिशेबाने गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, येतात, आणि नेमका त्याच दिवसांत गुरू डोळ्यांना दिसत नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही हेच होणार आहे.

मी मात्र साबूमुळे पिच्छा सोडला नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी आजोबांना विचारायचो, झाला का उदय? दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवटी १९९२ ची महाशिवरात्र आली. घरातली मोठी माणसं त्र्यंबकला जाऊन आली होती, उपासाची भगर-आमटी झाली होती, आणि आजोबा स्वतःच म्हणाले, "चल रे गच्चीवर."

आमच्या वाड्यात तोफखान्यातून निवृत्त झालेले एक काका भाड्याने राहायचे. देवळालीत नोकरी झालेली. त्यांच्याकडे एक जुनी, जड, दोन डोळ्यांची दुर्बीण होती. आजोबांनी त्यांनाही वर बोलावलं. पूर्वेला एक तारा होता, बाकी सगळ्यांपेक्षा ठळक, पिवळसर पांढरा, अजिबात न लुकलुकणारा. काका म्हणाले, "हा तुझा गुरू." मग त्यांनी मला कठड्याशी उभं केलं. "कोपरं टेकव. श्वास रोख. हलू नकोस."

दुर्बिणीत तो तारा राहिला नाही, इवलीशी थाळी झाला. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके. मी मोजायचो, कधी तीन वाटायचे, कधी चार. काका म्हणाले, हे त्याचे चंद्र. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पहिल्यांदा पाहिले ते हेच. माझ्यासाठी ते साबूच्या गावचे दिवे होते.

नंतर आजोबांनी दुर्बीण घेतली. त्यांना चष्मा काढून, पुन्हा घालून, काकांनी मधलं चाक फिरवून द्यावं लागलं. एकदा दिसल्यावर मात्र ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच म्हणाले, "साठ वर्षं याचं नाव वाचतोय रे मी."

मी विचारलं, साबू खरंच तिथून आला असेल का? आजोबा म्हणाले, "आला असेल. एवढ्या लांबून आला म्हणजे भूक लागणारच."

त्यांची ती साठ वर्षं हेच माझ्या पत्राचं कारण आहे. गुरू कोणत्या राशीत, कोणत्या अंशावर, वक्री की मार्गी, हे ज्यांना तोंडपाठ होतं त्यांनी त्याला त्या रात्रीपर्यंत एकदाही ओळखून पाहिलेलं नव्हतं. तेही एका मुलाने कॉमिक्स वाचून हट्ट धरला म्हणून पाहिलं.

आता २०२७ चं बोलतो. यंदाच्या सिंहस्थात एक अशी गोष्ट आहे की कोणत्याही शिक्षकाला तिच्यावर दोन तास घेता येतील. मुलं विचारतातच : बारा वर्षांनी कुंभ येतो, मग २०१५ नंतर २०२६ लाच कसा? मागचा ध्वज १४ जुलै २०१५ ला चढला होता. म्हणजे सव्वाअकरा वर्षंच झाली. कारण गुरूला सूर्याभोवती फिरायला पूर्ण बारा वर्षं लागतच नाहीत. ११.८६ वर्षं लागतात. दर फेरीत थोडे दिवस उरतात आणि ते साठत साठत सात फेऱ्यांमध्ये जवळपास एक वर्ष भरतं. शिवाय गुरू यंदा सिंहेच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवून परत फिरणार आहे. ऑक्टोबर २०२६ मध्ये आत येईल, जानेवारी २०२७ मध्ये वक्री चालीने पुन्हा कर्केत जाईल आणि जूनमध्ये परत सिंहेत येईल. वक्री म्हणजे गुरू उलटा चालत नाही. आपली पृथ्वी आतल्या मार्गाने त्याला मागे टाकून पुढे जाते, म्हणून तो मागे सरकल्यासारखा दिसतो. एसटीने रेल्वेला मागे टाकलं की रेल्वे मागे जाताना दिसते, तसंच. हे मुलांना डोळ्यांनी पाहता येतं. दर आठवड्याला मघा नक्षत्राच्या ठळक ताऱ्यापासून गुरूचं अंतर वहीत काढत गेलं की तो मागे आणि पुढे सरकताना दिसतो. पंचांग आणि भूगोल एकाच वहीत.

आणि फेब्रुवारी २०२७ च्या दुसऱ्या आठवड्यात गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतो. सूर्य मावळताना हा उगवतो आणि रात्रभर दिसतो. अंतर सुमारे ६५ कोटी किलोमीटर, तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत पोचायला छत्तीस मिनिटं. तिथपासून परीक्षांपर्यंतच्या सगळ्या संध्याकाळी आपल्या. आकाश स्वच्छ, थंडी बोचरी नाही. शहरात दिवे फार आहेत म्हणून तारे दिसत नाहीत ही तक्रार गुरूला लागू नाही, तो भर रविवार कारंजावरूनही दिसतो.

माझी विनंती अशी की त्या दिवसांत गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणासारख्या मोकळ्या जागी, आठवड्यातून दोन संध्याकाळी दुर्बिणी लावाव्यात. वसंत व्याख्यानमालेमुळे त्या पटांगणाला संध्याकाळी येऊन काही ऐकायची सवय आहेच. महापालिकेच्या प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला एकदा गुरू दिसला पाहिजे. शहराचं तारांगण त्र्यंबक रोडवर आहे, जाणकार माणसं शहरात आहेत, खगोलाची आवड असलेले प्राध्यापक आहेत. ६ मार्च २०२७ ला महाशिवरात्र आहे. त्या दिवशी त्र्यंबकला गर्दी असते म्हणून तिकडे नको, पण नाशकात घाटावर ती रात्र सगळ्यांसाठी ठेवता येईल. मोठ्यांसाठीसुद्धा. ज्यांनी आयुष्यभर हे नाव उच्चारलं आणि ज्यांना ते कधी दिसलं नाही, अशा सगळ्या आजोबा-आजींसाठी.

आणि त्या जागेपर्यंत मुलांना साबूने न्यावं. पटांगणाच्या तोंडाशी पंधरा फूट उंच साबू उभा करा. हातात दुर्बीण, बोट आकाशाकडे. खाली मराठीत एवढंच : 'माझं घर बघायला या.'

हे मी एका कार्यालयात जाऊन सांगितलं होतं. कोणत्या, ते महत्त्वाचं नाही. समोरच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धार्मिक सोहळा आहे, त्यात कॉमिक्सचं काय घेऊन बसलात?" त्यांचा राग मला आला नाही, पण उत्तर तेव्हा सुचलं नव्हतं, ते आता देतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या नमामि गंगे मोहिमेने चाचा चौधरींना आपलं बोधचिन्ह केलं. नदीचं काम मुलांपर्यंत न्यायला तिथे त्यांची मदत घेता येते, तर दक्षिणगंगेच्या काठी त्यांच्या सोबत्याला का बोलावू नये? चित्राचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची रीतसर परवानगी घ्यावी लागेल, ती घेऊ. प्राण २०१४ च्या ऑगस्टमध्ये गेले, २०१५ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्या पात्राला नाशकात अशी जागा मिळणं हा त्यांचाही मान होईल.

कोणी म्हणेल, मग चाचाच का नको, नाव तर त्यांचंच मोठं. नाही. इथे साबूच हवा. मुखपृष्ठावर नाव चाचांचं असतं, अक्कल चाचांची असते, शेवटचं वाक्यही चाचांचं असतं. साबू उचलतो, आपटतो, ओझं वाहतो आणि जेवतो. राका या खलनायकाला मारूनही तो मरत नाही हे माहीत असताना दर वेळी त्याच्यासमोर उभा राहतो तो साबूच. त्याला स्वतःचा असा मोठा प्रसंग क्वचितच मिळतो. तरी मला लहानपणी चाचा व्हावंसं कधी वाटलं नाही. मला साबूच्या खांद्यावर बसायचं होतं. चाचांचं डोकं पाहून मूल थक्क होतं. साबूबद्दल त्याला प्रश्न पडतात. तो कुठून आला? तिथे अजून कोण राहतं? तो घरी परत का जात नाही? त्याला आठवण येत नाही का? हे प्रश्न घेऊन मूल आपोआप आकाशाकडे बघतं.

मी सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी दुर्बीण घेऊन गंगेवर जातो, तिथे आसपासची मुलं जमतात. मागच्या हिवाळ्यात सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "साबू दुतोंड्या मारुतीएवढा असेल का हो काका?" पुराचं पाणी घाटावरच्या या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं यावर आमचं गाव पूर मोजतं, त्यामुळे मोठं म्हणजे केवढं हे सांगायला तिला तोच आठवला. मग आम्ही साबूचं वजन काढायला बसलो. गुरूवर गुरुत्वाकर्षण आपल्या अडीच पट, म्हणजे इथे तीस किलोची ती तिथे पंचाहत्तर किलोची. ती म्हणाली, मग तिथली माणसं उंच कशी होतील, ती तर बुटकी आणि जाड व्हायला पाहिजेत. बरोबर आहे तिचं. साबू चुकीचा आहे. गुरूवर उभं राहायला जमीनच नाही, हायड्रोजन आणि हेलियमचा गोळा आहे तो, पृथ्वीच्या अकरा पट रुंद. तरी स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो. हे सगळं त्या मुलांनी साबूला खोटं पाडता पाडता शिकून घेतलं. खोटं पाडताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला पाठ्यपुस्तकातल्या धड्याने कधी आणलेला दिसला नाही.

आणि एका बाबतीत साबू अनपेक्षितपणे बरोबर निघाला. कॉमिक्समध्ये नेहमी येतं की साबूला राग आला की लांब कुठेतरी ज्वालामुखी फुटतो. खुद्द गुरूवर ज्वालामुखी असणं शक्य नाही. पण १९७९ च्या मार्चमध्ये व्हॉयेजर १ यान गुरूजवळून गेलं, तेव्हा त्याच्या आयो या चंद्रावर ज्वालामुखी उसळताना दिसले. ज्वालामुखींच्या बाबतीत आपल्या सूर्यमालेत सगळ्यात जागृत जागा तीच आहे. मी गच्चीवरून मोजलेल्या ठिपक्यांपैकी एक तो. हे त्या पोरांना सांगितलं तेव्हा एक मुलगा दुर्बीण सोडायलाच तयार होईना. साबू आत्ता चिडलाय का ते त्याला बघायचं होतं.

माझं स्वतःचं असंच झालं होतं. १९९४ च्या जुलैमध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे वीसेक तुकडे गुरूवर आदळले. पेपरात बातमी वाचली आणि पहिला विचार आला तो साबूच्या गावाला लागलं का. उत्तर शोधायला मी सार्वजनिक वाचनालयात गेलो, १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सावानात, आणि मोठ्यांच्या विभागातलं खगोलशास्त्राचं पहिलं पुस्तक तेव्हा हातात धरलं. मी शास्त्रज्ञ झालो नाही. पण मोजमापाच्या कामात आलो, आणि मायक्रोमीटर डोळ्यांसमोर धरताना श्वास रोखायची सवय त्या गच्चीवरची आहे.

याच शहरात भरलेल्या डिसेंबर २०२१ च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी एका खगोलशास्त्रज्ञाला, विज्ञानकथा लिहिणाऱ्या जयंत नारळीकरांना, अध्यक्षपद मिळालं होतं. तब्येतीमुळे त्यांना नाशकात येता आलं नाही, आणि २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. आपल्या शहरात आकाशाला आधीच मान मिळालेला आहे. आता तो मुलांपर्यंत न्यायचा आहे, एवढंच मी मागतो आहे.

जास्त खर्चाचं हे काम नाही. चांगल्या काही दुर्बिणी, संध्याकाळी तीन तास दिवे मंद ठेवायची परवानगी, शाळांना तारखा आणि मुलांना ने-आण करायला बस. एक मूल दुर्बिणीशी एक मिनिट उभं राहिलं तरी पुरतं. मागची रांग साबूजवळ थांबेल, तिथे कोणीतरी गोष्ट सांगणारं हवं. ते काम मी आनंदाने करीन.

काकांनी नाशिक सोडताना ती दुर्बीण मला देऊन टाकली. उजव्या बाजूच्या भिंगाला कडेला बुरशीचा एक डाग आहे, बाकी ती ठणठणीत आहे. तुम्ही दुर्बिणी लावल्यात तर ही त्यांच्यात धरा. नाही लावल्यात तरी ६ मार्च २०२७ ला संध्याकाळी सातपासून मी गाडगे महाराज पुलाजवळ, पूर्वेकडे तोंड करून उभा असेन. ज्यांना आपल्या मुलांना किंवा आजोबांना आणायचं असेल त्यांनी आणावं.

आपला,
पंचवटीतला एक नाशिककर